खुळखुळ्याचे विष आणि आतड्यातले पेप्टाइड

पावसाळा सरता सरता माळावर आणि रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचे एक झुडूप दिसते. त्याच्या शेंगा वाळल्या की आतल्या बिया सुट्या होतात आणि फांदीला धक्का लागला की वाजतात, म्हणून त्याचे नाव खुळखुळा. या कुळातल्या काही जातींच्या बियांत मोनोक्रोटालिन नावाचे विष असते. प्रयोगशाळेतल्या उंदराला त्याचे एकच इंजेक्शन दिले, तर तीन-चार आठवड्यांत त्याच्या फुप्फुसातल्या धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, दाब चढतो आणि हृदयाची उजवी बाजू दमायला लागते. फुप्फुसातल्या रक्तदाबावर आज जी औषधे आहेत, त्यांतली बरीचशी माणसाआधी या उंदराच्या अंगाला लागलेली आहेत.

हा रक्तदाब म्हणजे डॉक्टर दंडाला पट्टा बांधून मोजतात तो नव्हे. हृदयाच्या दोन्ही बाजू स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण पाच-पाच लिटर रक्त ढकलतात, पण डावीकडचा सरासरी दाब 90 मिलिमीटरच्या आसपास असतो, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवर तो जेमतेम 14. तिथे तो 20 च्या वर गेला की आजार सुरू झाला असे धरतात. पट्ट्यावर 120/80 असा शहाण्यासारखा आकडा दिसत असताना छातीत ही भानगड चाललेली असू शकते. नेमके मोजायचे तर मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयातून पुढे फुप्फुसाच्या धमनीपर्यंत न्यावी लागते. ही वाट प्रथम दाखवली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने. 1929 मध्ये त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, 1956 मध्ये नोबेल मिळाले.

आता पेप्टाइडकडे वळू. अमिनो आम्लांची छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. मधुमेहींच्या ओळखीचे इन्शुलिन 51 मण्यांचे, तर आपल्या गोष्टीतले 28 मण्यांचे. इजिप्तमध्ये जन्मलेले सामी सईद हे डॉक्टर फुप्फुसातून रक्तवाहिन्या सैलावणारा एखादा पदार्थ निघतो का, याच्या मागावर होते. स्टॉकहोममध्ये व्हिक्टर मुट यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या आतड्यांचा अर्क मुबलक होता. तिथे दोघांना ही माळ सापडली आणि 1970 मध्ये त्यांनी ती जाहीर केली. शोध फुप्फुसातून निघालेला, माल आतड्यात मिळाला, म्हणून नाव पडले व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड, थोडक्यात व्हीआयपी. थट्टा करायचा मोह होतो, पण नाव खरेच तसे आहे.

औषध म्हणून ते मोठे गुणी दिसत होते. रक्तवाहिन्या सैल करते, भिंतीतल्या स्नायूपेशींची वाढ आवरते, सूजही कमी करते. अडचण एकच: गिळले तर पचून जाते आणि रक्तात सोडले तर एक-दोन मिनिटांत विकरे त्याचे तुकडे करतात. शिवाय शिरेतून दिले की साऱ्या अंगाचा दाब उतरतो, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. त्यावर तोड निघाली ती वाफाऱ्याची. दम्याचे रुग्ण नेब्युलायझरने औषध ओढतात तसे ते थेट फुप्फुसात द्यायचे.

2003 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी दोन गोष्टी सांगितल्या. फुप्फुसातल्या रक्तदाबाच्या रुग्णांच्या रक्तात आणि फुप्फुसात व्हीआयपी कमी असते, आणि आठ रुग्णांना ते रोज हुंगायला दिल्यावर दाब उतरला, चालण्याची मजल वाढली. चार वर्षांनी खुद्द सईद यांच्या गटाने दाखवले, की ज्या नर उंदरांत या पेप्टाइडचे जनुकच काढून टाकले होते त्यांना फुप्फुसाचा रक्तदाब होतो. कमतरता सापडली, ती भरून काढल्यावर रुग्ण सुधारले, कमतरता निर्माण केल्यावर उंदीर आजारी पडले. यापेक्षा नेटका पुरावा कोण मागणार?

पण माणसे आठच होती, आणि आपल्याला औषध मिळते आहे हे आठही जणांना माहीत होते. ही शंका कुणाला खुसपट काढल्यासारखी वाटेल. ती तशी का नाही, हे कळायला या आजारातली चालण्याची चाचणी पाहावी.

सपाट, तीस मीटरचा कॉरिडॉर. दोन टोकांना शंकू, बाजूला खुर्ची. रुग्णाने सहा मिनिटांत जमेल तेवढे अंतर चालायचे, पळायचे नाही, दम लागला तर भिंतीला टेकायचे, घड्याळ मात्र थांबत नाही. तंत्रज्ञाने सोबत चालायचे नाही, कारण सोबत असली की पावले तिच्या वेगाने पडतात. दर मिनिटाला त्याने ठरलेलेच वाक्य ठरलेल्याच सुरात बोलायचे, कारण नुसत्या ‘शाबास, आणखी थोडे’ने अंतर वाढते. शब्दाने जर मीटर वाढत असतील, तर नव्या औषधाच्या आशेने किती वाढतील? म्हणून अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना तसाच दिसणारा बिनऔषधी फवारा, आणि कुणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला.

म्युनिकमध्ये 2008 साली वीस रुग्णांना हुंगायला दिलेल्या एका मात्रेचा परिणाम दिसला, पण थोडा आणि तात्पुरता. पुढे तुलनेच्या चाचणीत, इतर औषधे चालू असलेल्या रुग्णांत, अपेक्षित फरक पडलाच नाही. कोविडच्या काळात गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांसाठी हाच रेणू पुन्हा पुढे आणला गेला. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिथेही फायदा आढळला नाही.

माझ्या मते दोष पेप्टाइडपेक्षा, अशी औषधे ज्याच्यावर आधी पारखली जातात त्या खुळखुळ्याच्या उंदराचा अधिक आहे. त्याचा आजार एका फटक्यात, काही आठवड्यांत घडवलेला, म्हणून बराही पटकन होतो. माणसाच्या धमन्या वर्षानुवर्षे आतून बुजत जातात. तिथे वाहिनी घटकाभर सैल करून भागत नाही, भिंतच पातळ व्हावी लागते. सोटाटरसेप्ट हे औषध नेमके भिंत जाड करणाऱ्या वाढीच्या संदेशावर घाव घालते. ते साधे पेप्टाइड नाही, मोठे प्रथिन आहे, आणि दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली टोचतात. 323 रुग्णांवरच्या तुलनेच्या चाचणीत 24 आठवड्यांनी दोन गटांच्या चालण्यात साधारण 41 मीटरचा फरक पडला. त्या कॉरिडॉरच्या हिशेबात दीड फेरीही नाही, पण तो खरा होता. 2024 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. व्हीआयपीला या आजारासाठी ती अजून मिळालेली नाही.

आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आणि वेळेत न बुजवलेली हृदयातली छिद्रे यांमुळेही फुप्फुसातला दाब वाढतो. त्यावर वेळेत इलाज होऊ शकतो. घरात कुणाला जिना चढताना धाप लागत असेल, पाय सुजत असतील, रक्त चांगले असूनही आणि दम्याची औषधे घेऊनही उतार पडत नसेल, तर दंडावरच्या पट्ट्याच्या आकड्यावर थांबू नका. डॉक्टरांना हृदयाच्या टूडी एको तपासणीबद्दल एकदा विचारा.