तीन कोंबडे, एक खुराडं

माझं माहेर वडोदऱ्याचं. दांडिया बाजारातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, खाली रिक्षांचा गोंगाट. कोंबडा मी बघितलेला तो फक्त चित्रांच्या पुस्तकात. लग्न होऊन बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या या गावात आले तेव्हा परसात सहा कोंबड्या आणि एक म्हातारा तांबडा कोंबडा होता. पहिले आठ दिवस पहाटे साडेचारला दचकून उठत होते. नंतर सवय झाली. इतकी, की गेल्या मार्गशीर्षात एका रात्री भटक्या कुत्र्याने खुराड्याची फळी उचकटली आणि दुसऱ्या दिवशी पहाट आवाजाविनाच उजाडली, तेव्हा मला जाग आली ती त्या शांततेने.

सहाही कोंबड्या वाचल्या होत्या. कोंबडा दाराशीच पडला होता.

शहरातल्या मैत्रिणींना एक गोष्ट नेहमी सांगावी लागते. कोंबडी अंडी घालते ती कोंबड्याशिवायही घालते. रोजच्या पोळ्यासाठी कोंबड्याची गरज नाही. पिल्लं हवी असतील तर मात्र हवाच. आणि परसातल्या मोकळ्या कोंबड्यांना आभाळाकडे एक डोळा ठेवणारा कुणीतरी लागतो, तेही त्याचंच काम. आमच्याकडे घारी भरपूर. शिवाय मुंगूस, बोके आणि ती कुत्री. शेजारच्या काकांनी सल्ला दिला, बंगळूरला तयार झालेली गिरिराज जात आणा, वजन चांगलं भरतं. सासूबाईंनी मान हलवली. जड कोंबडीला घार आली तर पळता येत नाही आणि ती सहसा खुडूकही बसत नाही. त्यांना आपली जवारीच हवी होती.

फाल्गुनात एक कोंबडी खुडूक झाली. पण रवणाला ठेवायला अंडी कुठली? कोंबडा जाऊन दोन-तीन आठवडे झाले की घरच्या अंड्यांतून पिल्लू निघण्याची आशा सोडावी लागते, आम्हाला तर तीन महिने होत आले होते. मग नंदगडच्या मावशींकडून अकरा अंडी आणली, भाताच्या तुसात घालून, एस.टी.तून मांडीवर धरून. एक रात्र अंडी तशीच विसावू दिली आणि दुसऱ्या दिवशी कोंबडीखाली सरकवली. यात एक फायदा आपोआप झाला. घरचाच नर घरच्याच कोंबड्यांवर पिढ्यानपिढ्या ठेवला की वाण खालावतो. अंडी कमी उबतात, पिल्लं किरकोळ निघतात. नंदगडच्या रक्ताचा कोंबडा आमच्या कोंबड्यांना परका होता, म्हणजे योग्य होता.

सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्यामागे धरून बघितलं. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, दोन कोरी. एकविसाव्या दिवशी, पाडव्याच्या आदल्या सकाळी, आठ पिल्लं निघाली. एक घारीने नेलं, एक वळवाच्या पावसात भिजून गेलं. सहा उरली. मानमोडीची लस टोचायला गल्लीतली चार घरं एकत्र आलो, कारण बाटली एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि सहा पिल्लांसाठी कोण ती फोडणार?

दोन महिन्यांची झाली तशी तिघांचे तुरे लाल दिसायला लागले. तिघं नर, तीन तलंगा. तलंगा राहणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न तिघा नरांचा होता. नऊ माद्यांना एक नर पुरतो. दोन-तीन ठेवले तर ते एकमेकांत तर भांडतातच, पण सारखं चढून चढून कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटून काढतात, कातडी सोलवटते. म्हणजे ठेवायचा एकच.

माझा मुलगा सात वर्षांचा. त्याने नावं ठेवून टाकली. पिंजरीसारखा सोनेरी-तांबडा तो राजा. काळ्या-हिरव्या शेपटीचा तो काळ्या. आणि मातकट रंगाचा, दोघांच्या मागे मागे असणारा भुऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "नावं कशाला ठेवलास रे?" तेव्हा मला वाटलं, काय हा कोरडेपणा!

राजाला बघून कुणीही म्हणालं असतं, हाच. आकाराने मोठा, तुरा टवटवीत, आषाढात तिघांत पहिला आरवला तोही हाच. मुलाच्या हातावर बसून कणी खायचा. मुलगा त्याला काखेत मारून गल्लीभर फिरवायचा, त्याच्याशी लुटुपुटुची मारामारी करायचा. तो पंख पसरून अंगावर आला की हा टाळ्या पिटायचा. मी त्याचे व्हिडिओ काढून वडोदऱ्याला पाठवले होते. माझं मत ठरलेलं होतं.

"दिसायला काय घेऊन बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "कोंबडा काय भिंतीवर लावायचा हाय? कणी टाक आणि गप बसून बघ."

मग मी रोज संध्याकाळी पायरीवर बसायला लागले. मूठभर कणी टाकायची आणि बघायचं. राजा धावत यायचा, कोंबड्यांना ढकलून मधोमध उभा राहायचा आणि पोट भरेपर्यंत मान वर करायचा नाही. भुऱ्या कडेने उचलायचा, कुणाच्या वाटेला जायचा नाही. काळ्या दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि घशातल्या घशात 'टुक् टुक् टुक्' करायचा. तलंगा धावत यायच्या आणि त्याच्यासमोरचा दाणा खायच्या. हा शेवटी खाणार. "बोलावतो बघ," सासूबाई म्हणाल्या. "बोलावणारा पाहिजे."

दुसरी परीक्षा आम्ही घेतली नाही, आपसूक झाली. पाऊस उघडलेल्या एका दुपारी काळ्याने मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडे लावला आणि बारीक, लांबट, ओढलेला असा एकच आवाज काढला. सगळ्या कोंबड्या कर्दळीखाली चपट्या होऊन बसल्या. मी वर पाहिलं तेव्हा कुठे मला घार दिसली. बोका आला की त्याचा आवाज वेगळा, 'कक् कक् कक् कटाक्', मोठ्याने आणि थांबायचंच नाही. मला वाटलं आपलाच कल्पनाविलास असेल. पण आभाळातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबडे निरनिराळे इशारे देतात हे पक्ष्यांच्या अभ्यासकांनी प्रयोग करून दाखवलेलं आहे. सासूबाईंना प्रयोगाची गरज नव्हती. त्या चुलीपाशी बसून आवाजावरून सांगत, "घार हाय, पिल्लं बघ."

त्या दिवशी बिचारा भुऱ्या कोंबड्यांच्याही आधी कर्दळीखाली पोचला होता.

अंधार पडल्यावर कोंबडे शांत असतात, तेव्हा सासूबाईंनी एकेकाला खुराड्यातून काढून हाताने तपासलं. छातीचं हाड सरळ आहे ना, बोटं वाकडी नाहीत ना, डोळा स्वच्छ, पायावरचे खवले नीट बसलेले. तिघंही निरोगी होते. अंगाने राजा सर्वांत उजवा, तेही मान्य. त्यामुळे निकाल लागेना. मुलाचं मत राजाला, माझं अर्धं राजाला, सासूबाईंचं काळ्याला. नवरा म्हणाला, मला यात घेऊ नका.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा अंडी काढायला वाकला होता. राजा समोरून उडी मारून आला. किंकाळी ऐकून मी धावले तेव्हा मुलाचा हात गालावर आणि बोटांतून रक्त. डोळ्याखाली बोटभर अंतरावर नखाचा ओरखडा होता. पायामागचा काटा अजून हरभऱ्याएवढाच होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला पुरे होतं.

चूक राजाची नव्हती, हे लिहायलाच हवं. नर पिल्लाला मांडीवर वाढवलं, त्याच्याशी झुंजीचा खेळ केला, की त्याची माणसाबद्दलची भीती मोडते. मग वयात आल्यावर तो आपल्याला दुसरा कोंबडाच समजतो, आणि दुसऱ्या कोंबड्याशी काय करायचं ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मुलाने खेळवलं, मी व्हिडिओ काढले. भुऱ्या आणि काळ्याला कुणी उचलून घेतलं नाही म्हणून ते अंतर राखून राहिले. तुमच्याकडे पिल्लं असतील तर तलंगा खुशाल मांडीवर घ्या, पण तुरा लाल व्हायला लागलेल्या नराला लाडावू नका.

श्रावण आणि पुढे गणपती, म्हणून राजाला महिनाभराची मुदत आपोआप मिळाली. मी हरतऱ्हेने प्रयत्न केले. तो अंगावर आला तर मागे सरायचं नाही, उचलून काखेत घट्ट धरून ठेवायचं, शांत झाला की सोडायचं. माझ्याशी तो सुधारला. पण मुलाला बघितलं की मान खाली घालून गोल फिरायला लागायचा. एकदा दूध घालणाऱ्या मावशींच्या पोटरीला त्याने चोच मारली. नऊवारीमुळे वाचल्या, आणि मग आम्हाला जे काय बोलल्या ते इथे छापण्यासारखं नाही.

याच दिवसांत एकजण दारात आला. राजाची ख्याती त्याच्यापर्यंत पोचली होती. बाजारभावाच्या दुप्पट देतो म्हणाला. झुंजीसाठी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी लावणं गुन्हा आहे, हे मी त्याला सांगायला तोंड उघडलं, तोवर सासूबाईंनी आतूनच विचारलं, "कोण हाय?" आणि मग, "नाही म्हणून सांग." पैशांची गोष्ट नव्हती. पायाला पाती बांधून मरायला पाठवण्यासाठी त्याला वाढवलेलं नव्हतं.

कुणाला नुसता देऊन टाकावा, हा माझा पुढचा बेत. त्यावर त्यांचं म्हणणं, मारका कोंबडा दुसऱ्याच्या घरी देणं म्हणजे आपलं भांडण दुसऱ्याच्या पोराच्या डोळ्यावर घालणं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिला मुलाचा प्रश्न. मी गोष्ट तयार ठेवली होती, राजाला नंदगडला पाठवलं म्हणून.

"आणि दिवाळीला नंदगडला गेल्यावर पोरगं विचारलं, राजा कुठाय, मग?" सासूबाई म्हणाल्या. "खोटं सांगायचं तर निदान लांबचं गाव तरी घे."

शेवटी त्यांनीच त्याला जवळ घेऊन सांगितलं. भुऱ्याला दसऱ्यापर्यंत ठेवायचा, काळ्याला काही झालं तर हाताशी दुसरा असावा म्हणून. मग गल्लीतल्या ज्या घरी दोनच कोंबड्या आहेत तिथे द्यायचा, ते लोक त्याच्या बदल्यात एक तलंग देणार आहेत. काळ्या आपल्याकडे राहील. आणि राजाला कापणार. मुलगा खूप रडला. मीच उघडं गेट ठेवलं म्हणून कुत्रं आलं होतं का, असंही त्याने मध्येच विचारलं. डिसेंबरपासून ते त्याच्या मनात होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. नाही रे, फळी जुनी होती, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं. मग त्याने विचारलं, राजाला दुखेल का. सासूबाई म्हणाल्या, "थोडंसं. पटकन होतंय. मी धरणार हाय त्याला."

गणपती गेल्यावरच्या रविवारी त्यांनी धरलं. मुलगा त्या दिवशी वरण-भात जेवला, त्याला कुणी आग्रह केला नाही. नवऱ्यानेही वरण-भातच वाढून घेतला, हे मला अपेक्षित नव्हतं. मी आणि सासूबाई रस्सा जेवलो. जड गेला, पण वाढवलेला पक्षी टाकून देणं मला त्याहून वाईट वाटलं असतं.

कोंबड्याच्या अंगात पहाटेचं घड्याळ असतं, उजेड नसला तरी ते चालतं, असं जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गंमत मांडली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग वरच्या क्रमांकाचा देतो, बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून. आषाढापासून आमच्याकडे रोज हाच क्रम होता. राजा, मग काळ्या, मग बऱ्याच वेळाने घसा खरवडल्यासारखा भुऱ्या.

सोमवारी पहाटे मी जागीच होते. खिडकीबाहेर काळोख होता. बराच वेळ काही नाही. मग एकदम, खुराड्यातून, खणखणीत.

शेजारी मुलगाही जागा होता. "आई," तो म्हणाला, "आज काळ्या पहिला."