दुसऱ्याच्या नावावर बाग घेतली आणि तो उलटला; कोर्ट जमीन परत मिळवून देईल का?

पावस (ता. रत्नागिरी) : समजा, मुंबईच्या एका माणसाचं कुठल्याच सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे कायद्याने तो शेतकरी नाही. त्याला पावसला हापूसची बाग हवी आहे. तो पैसे देतो आणि खरेदीखत गावातल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर करतो. चार वर्षांनी बागेला भाव येतो आणि गाववाला म्हणतो, "कागदावर नाव माझं, बाग माझी." आता मुंबईवाला कोर्टात गेला तर?

बहुतेक वेळा त्याच्या हाती काही लागत नाही. पैसे खरोखर त्याचेच असले तरीही.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगर शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परवानगी नसताना झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. शिवाय १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्यानुसार "पैसे माझे होते, म्हणून जमीन माझी" असा दावाच लावता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी व्यवहाराला १ ते ७ वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. मालमत्ता जप्त होते ती वेगळीच. म्हणजे गाववाल्यालाही बाग पचेलच असं नाही.

दोघेही दोषी असतील तर?

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ सांगतं की बेकायदा हेतूने केलेला करार रद्दबातल असतो. अशा करारात दोघेही सारखेच सामील असतील तर कोर्ट मध्ये पडत नाही. ज्याच्या हातात जे आहे ते बहुतेक वेळा तिथेच राहतं.

१९६१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आंध्र प्रदेशातलं असंच प्रकरण आलं. सावकारांचं देणं चुकवण्यासाठी एकाने जमीन खोट्या विक्रीने दुसऱ्याच्या नावावर केली होती. पुढे ज्याच्या नावावर कागद होता, तोच ताबा मागायला कोर्टात गेला. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी दावा फेटाळला. लबाडीत दोघेही होते आणि ताबा मिळवून देणं म्हणजे कोर्टाने त्या लबाडीला हातभार लावण्यासारखं होतं.

मोठ्या कंपन्यांनाही हाच नियम लागतो. २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने २-जीचे १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर लूप टेलिकॉमने भरलेले सुमारे १,४५५ कोटी रुपये परत मागितले. परवाने बेकायदा मिळवण्यात कंपनीचाही वाटा होता, म्हणून ३ मार्च २०२२ ला कोर्टाने ही मागणी नाकारली.

दिलासा कधी मिळू शकतो?

- तुमची फसवणूक झाली किंवा दबाव आणला गेला, म्हणजे दोष सारखा नाही.
- बेकायदा काम पुरतं घडण्याआधीच तुम्ही माघार घेतली.
- बेकायदा व्यवहाराचा आधार न घेता तुमचा हक्क सिद्ध होतो.

नोकरीसाठी दिलेले पैसे?

"साहेबांना देऊन सरकारी नोकरी लावतो" म्हणून स्वखुशीने पैसे दिले, तर तेही याच अडचणीत सापडतात. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र लाच जबरदस्तीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत तक्रार केली, तर कायदा संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. पैसे मागितल्याबरोबर, देण्याआधीच फोन केलेला सगळ्यात बरा.

व्यवहाराआधी एवढं करा

सातबारा आणि फेरफार तपासा. घेणाऱ्याचा शेतकरी दाखला बघा. पैसे बँकेतून द्या. ज्याचे पैसे, त्याच्याच नावावर खरेदीखत करा. कुणी "नुसतं नाव लावू दे, वर थोडे पैसे देतो" म्हणाला, तर सही करू नका. शंका असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.