दशमीच्या सकाळी मालवणचं पाणी

पिंपरी-चिंचवडवर पडलेला पाऊस अरबी समुद्रात जात नाही. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि हे सगळं पाणी भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जातं. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर पडलेल्या थेंबाला मात्र समुद्र गाठायला फार वेळ लागत नाही. कोकणातल्या नद्या आखूड, उतार तीव्र. आषाढ-श्रावणात त्या जांभ्याची लाल माती घेऊन धावत येतात आणि किनाऱ्यालगतचा समुद्र चहाच्या रंगाचा करून टाकतात. पाऊस सरला की त्यांचा जोर ओसरतो. मग दिवाळीनंतर हळूहळू मालवणचा समुद्र निवळायला लागतो, आणि ते बघायला पुण्याहून पावणेचारशे किलोमीटर जावं इतकं ते मोलाचं आहे.

ग्रीसच्या, माल्टाच्या, सार्डिनियाच्या बेटांचे फोटो आता सगळ्यांच्या मोबाइलवर असतात. दोन कड्यांमध्ये लपलेली चिमुकली पुळण, तळाचा खडा न् खडा दिसेल असं निळं पाणी, त्यावर अधांतरी तरंगल्यासारखी होडी. ते पाहून आपण म्हणतो, आपल्याकडे असं पाणी नाही. हे खरं आहे, पण त्याचं कारण कळलं की हळहळ वाटेनाशी होते. भूमध्य समुद्राचं पाणी इतकं नितळ आहे, कारण तो समुद्र उपाशी आहे. अटलांटिकशी त्याला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद. तिथून वरच्या थरातलं, पोषणद्रव्यं कमी असलेलं पाणी आत येतं, आणि तळाचं खारं, जड, पोषणद्रव्यं बाळगणारं पाणी खालून बाहेर निघून जातं. गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या मोजक्याच. त्यातल्या नाईलचा गाळही आता १९७० साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या मोठ्या धरणामुळे वाटेतच अडतो. वनस्पतिप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांना, खायला नाही, म्हणून ते थोडे. ते थोडे, म्हणून पाणी निळं आणि आरपार.

आपला समुद्र खाऊनपिऊन सुखी आहे. पावसाळ्याच्या दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातलं थंड, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं, वरून नद्या आपला वाटा घालतात, आणि समुद्र हिरवट, दाट होतो. त्या दाटपणावर तारली पोसते, बांगडा पोसतो. ज्या पाण्यात आपल्याला हातभर पुढचं दिसत नाही, त्याच पाण्याने कोकणातली चूल पेटती ठेवली आहे. म्हणून मला वाटतं, मालवणात समुद्राखाली डोकावताना ग्रीसची नितळाई मागू नये. तिकडे वीस-तीस मीटर दिसत असेल. इथे चांगल्या सकाळी चार-सहा मीटर दिसलं तरी त्या चार-सहा मीटरांत जे आहे ते पाहायला सकाळ अपुरी पडते.

मालवणच्या किनाऱ्याजवळचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकोणतीस चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र. त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालची पाण्याखालची खडपं येतात. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं, हे आपण शाळेत शिकलो. पोहणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं की त्याच तटाची आणखी एक बाजू दिसते: उघड्या समुद्राची लाट किल्ल्यावर आणि खडपांवर फुटते, आणि त्यांच्या आडोशाला निवांत पाणी राहतं. भूमध्य समुद्रातल्या बेटाची खोबण पोहणाऱ्याला जे देते, ते इथे या आडोशाला मिळतं. तिथेच प्रवाळ आहेत. टर्बिनेरिया, पोराइट्स या गढूळपणा सोसणाऱ्या जाती आहेत त्या. स्वच्छ पाण्यातले लाडावलेले प्रवाळ इथे एक पावसाळाही काढू शकले नसते.

आता मुख्य गोष्ट. निवळ पाणी मालवणात कुठे सापडतं यापेक्षा ते कधी सापडतं हे विचारायला हवं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीत हातभराचाच फरक पडतो, त्यामुळे तिथली पुळण दिवसभर तशीच असते. मालवणात उधाणाच्या दिवशी पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं आणि उतरतं. ओहोटीला कोळंबची खाडी आणि कर्ली नदी आपलं गढूळ पाणी बाहेर सोडतात. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणजे भरती पुरती भरते ती वेळ उत्तम. ती काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, साधारण इतक्या वाजता पाणी भरलेलं असतं, आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. तिथी चोवीस तासांहून थोडी लहान असते, म्हणून पाऊण तासाचं गणित तिला जवळपास चपखल बसतं.

याच्या जोडीला दोन गोष्टी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो आणि तळाची वाळू उठते; अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी धावतं, वाळू बसलेली राहते. आणि हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो, लाट दबलेली असते. ऊन तापलं की खारा वारा सुटतो आणि पाणी ढवळतं. तेव्हा आपल्याला हवी भांगाच्या दिवसांतली तिथी, जिची भरती सकाळी येते. दशमीला पाऊणने गुणा: साडेसात. एकादशीला सव्वाआठ. चंद्र, वारा आणि नदी हे तिन्ही महिन्यातून दोनदा, शुद्ध आणि वद्य दशमीच्या आसपास, एकाच सकाळी आपल्या बाजूला येतात. मला हे फार विलक्षण वाटतं. प्रत्येक बंदराचा थोडा फरक असतो, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या होडीवाल्याचा धरावा.

पाण्यात उतरण्याआधी मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून ती विसळून घ्या. किळस करू नका; थुंकीमुळे बाष्पाचे थेंब वेगळे न राहता पातळ थर होऊन पसरतात आणि काच धुरकट होत नाही. मास्क लागतोच, कारण हवेतून येणारा प्रकाश वाकवायचं बहुतेक काम डोळ्याचा वरचा पारदर्शक पडदा करतो आणि पाण्यात त्याची ती ताकद जवळपास संपते. डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवला की ती परत येते. मोबदल्यात एक गंमत होते: मासा खरा आहे त्यापेक्षा एक तृतीयांशाने मोठा आणि पाऊणच अंतरावर दिसतो. हात पुढे केला की तो थोडा आखूड पडतो.

स्नॉर्कलची नळी हातभरच का असते, लांब का नसते, हा प्रश्न पहिल्यांदा उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्याला हे चटकन कळेल. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. एक मीटर खोल गेलात तर एक दशांश बार. गेजवर हा काटा हलल्यासारखाही वाटणार नाही. पण छातीच्या एक चौरस फुटावर हा दाब नव्वद किलोंहून जास्त भरतो, आणि नळीने वरच्या हवेशी जोडलेल्या फुप्फुसात त्याला तोंड देणारा दाब नसतो. छातीचे स्नायू फार वेळ श्वास ओढू शकत नाहीत. शिवाय लांब नळीत आपलाच वापरलेला श्वास अडकून परत आत येतो. म्हणून वरवर तरंगायचं, चेहरा पाण्यात, बाकी काही नाही.

आणि मग आवाज. खडपाजवळ कान बुडाले की चहूकडून तडतड ऐकू येते, कढईत मोहरी टाकल्यावर येते तशी. उथळ उबदार खडकाळ समुद्रात हा आवाज जगभर असतो. तो काढणारी पिस्टल श्रिम्प म्हणजे बोटाएवढीही नसलेली कोळंबी, तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. नांगीची दोन बोटं आपटून हा आवाज होतो असंच बराच काळ मानलं जाई. २००० साली नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या मिशेल फर्स्लुइस, डेटलेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्याची धार सुटते, त्या धारेत दाब कोसळून बुडबुडा तयार होतो, आणि आवाज होतो तो हा बुडबुडा फुटताना. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी दाखवलं की फुटताना त्यातून प्रकाशाची ठिणगी निघते आणि क्षणभर आत पाच हजार केल्विनच्या घरात तापमान असतं. पंपाचा इंपेलर खोलून त्यावर पडलेले खड्डे ज्याने पाहिलेत, त्याला कॅव्हिटेशन, म्हणजे असे बुडबुडे बनून फुटणं, सांगायला नको. मेन्टेनन्सवाल्यांना रात्रपाळीला बोलावणारी ती क्रिया इथे एक कोळंबी भक्ष्य बधिर करायला वापरते.

नजर स्थिरावली की खालचं जग दिसू लागतं. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे, जोडीने फिरणारे फुलपाखरू मासे, खडक खरवडणारा पोपट मासा. पोराइट्सचा पिवळट गोळा पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढणारी ही जात. खडकावर अर्ध्या हंड्याएवढा घुमट दिसला, मधून वीस सेंटीमीटर उंच, तर तो सुमारे वीस वर्षांचा आहे. त्यातले इवले जीव आपल्या पेशींत शैवाल सांभाळतात आणि बरंचसं अन्न त्यांच्याकडून घेतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून तसंच राहिलं की हे शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरा पडतो, आणि लवकर थंडावा मिळाला नाही तर उपासमारीने मरतो.

अशा घुमटावर पाय ठेवणं म्हणजे वीस वर्षं एका टाचेखाली घालवणं. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, वाघाला आहे तेच. होडीवाल्याला सांगा, नांगर वाळूत टाक, खडपावर नको. आणि पाव-बिस्किटं टाकून मासे जमवायचा प्रकार दिसला तर पैसे देणारे आपणच असतो हे ध्यानात धरून नको म्हणा. शैवाल खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणाऱ्या माशाला मैद्याची सवय लावण्यात काहीच शहाणपण नाही.

एकांत हवा असेल तर कर्लीच्या दक्षिणेला जा. देवबागसमोर भोगवे, पुढे निवती. निवतीला किल्ल्याच्या टेकडीखाली खडकांनी दोन्हीकडून कवेत घेतलेल्या पुळणी आहेत. पोहायला भरल्या पाण्यात, खडकांपासून अंतर ठेवून. कर्ली समुद्राला मिळते त्या संगमावर कधीच नाही. नदी आणि ओहोटी एकत्र आली की तिथला प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो. पोहता येत असो वा नसो, होडीतून उतरताना लाइफ जॅकेट अंगात हवं. मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय आधी घराजवळच्या जलतरण तलावात करून घेतली तर मालवणची पहिली दहा मिनिटं खोकण्यात जात नाहीत. थोडं खोल जायचं असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे.

राहिला दिवस निवडायचा प्रश्न. पुण्या-मुंबईची गर्दी शनिवार-रविवारी मालवणात उतरते, आणि त्या दिवशी किल्ल्याभोवती माशांपेक्षा होड्या जास्त असतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणला बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि ती इथे पथ्यावर पडते. दिनदर्शिकेची डिसेंबर ते फेब्रुवारीची पानं उघडा, गुरुवारी किंवा त्याला लागून दशमी-एकादशी कधी येते ते पाहा, मागचा-पुढचा एक दिवस रजा टाका. रात्रभर गाडी हाकून सकाळी थेट पाण्यात उतरू नका; आदल्या दुपारी पोचा, संध्याकाळी धक्क्यावर जाऊन होडीवाल्याला विचारा, उद्या पाणी कधी भरतंय.