शकुंतला : कापसाच्या मुलखातली अरुंद वाट

कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली सरकारी नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्या वेळी कारंज्याला रेल्वे नव्हती. बाजारात तोललेला कापूस बंड्यांत भरायचा, काळ्या मातीच्या रस्त्याने मूर्तिजापूरला न्यायचा आणि तिथे मुंबईच्या गाडीत चढवायचा, असा क्रम होता. मार्गशीर्षात रस्ता कोरडा असला तर निभावे, पण अवकाळी पाऊस आला की चाके आसापर्यंत रुतत आणि भिजलेल्या मालाचा भाव पडे. कारंजा, दारव्हा, यवतमाळ या पट्ट्यातल्या कापसाला रेल्वे मिळायला त्यानंतर आणखी पंचवीस वर्षांच्या वर काळ गेला. ती रेल्वे म्हणजे आपली ‘शकुंतला’.

कापसाची घाई त्याच्याही आधीची. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला १८५३ साली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी येत जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. पुढच्या काही वर्षांत खामगाव आणि अमरावती या मोठ्या कापूसपेठांना छोटे फाटेही मिळाले. यवतमाळ मात्र बाजूला राहिले. पठारावरचे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे गाव तेव्हाच्या वणी जिल्ह्याचे मुख्यालय होते. १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापूस भरपूर, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत होते, आणि रूळ नव्हते.

ही उणीव भरून काढली मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने. १८५७ साली सुरू झालेली ही इंग्रज पेढी व्यापारात मुरलेली होती. तापी खोऱ्यातल्या रेल्वेची व्यवस्थाही तिच्याकडे असे. १९१० साली तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूरपर्यंत सुमारे ७७ किलोमीटर आणि दक्षिणेला कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर असे दोन फाटे तिने टाकले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी ही १९१७ ची छोटी लाइनही तिचीच. शकुंतलेच्या जन्मसालाबद्दल वर्तमानपत्रांत गोंधळ असतो. कुणी १९०३ लिहितो, कुणी १९१३, कुणी १९१६. माझ्या मते कंपनीचे साल धरून चालावे आणि गाड्या धावू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, असे म्हणावे.

रुळांमधले अंतर दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कालका-शिमला मार्गाचे अंतरही एवढेच. वऱ्हाडात अरुंद माप घेण्याचे कारण पैशाचे होते. हलके रूळ, छोटे पूल, कमी माती आणि कमी जमीन यांमुळे खर्च निम्म्याहून खाली येतो. पण या स्वस्ताईत पुढच्या अडचणीचे बीज होते. यवतमाळची गाठ मूर्तिजापूरला पोचली की एका डब्यातून काढून मोठ्या मापाच्या डब्यात भरावी लागे. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट आणि मालाची नासधूस वेगळी. दुसरा मार्गच नव्हता तोवर व्यापाऱ्याने हे सोसले.

उत्तरेचा फाटा मला या मार्गाचा सर्वांत देखणा भाग वाटतो. मूर्तिजापूर सोडले की लाखपुरीजवळ पूर्णा येते. इथून पुढे खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, जमीन काळी आणि खोल, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी, पावसाळ्यात फुगणारी. असल्या मातीवर रूळ सरळ ठेवणे हे कुठल्याही गँगमनच्या कसोटीचे काम. मग दर्यापूरला लागून असलेले बनोसा, पुढे कापूसतळणी, मग १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळे इतिहासात गेलेले अंजनगाव सुर्जी. याच तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. अंजनगावचे पानमळे, पथ्रोटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याची संत्र्यांची बागायत आणि शेवटी अचलपूर, एके काळची वऱ्हाडची राजधानी. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ हे आजचे चार जिल्हे ही एक गाडी जोडत होती.

दक्षिणेकडे दारव्हा हे मोठे ठिकाण. तिथल्या स्टेशनला दारव्हा मोतीबाग म्हणत. या दारव्ह्याहून पुसदपर्यंत आणखी एक अरुंद फाटा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची गरज पडली आणि तो उखडला गेला. पुसदकरांची रेल्वे गेली ती अशी, आणि त्यांना ती परत कुणी दिली नाही. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीवरून माजरी-आदिलाबाद मार्ग जातो, तो मोठ्या मापाचा. पण त्याचा यवतमाळ शहराशी संबंध नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी शतकभर रेल्वे म्हणजे शकुंतलाच.

गाडी चालायची कशी, हे आता ज्यांनी पाहिले ते सांगू शकतात, म्हणून इथे नोंदवतो. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले झेड.डी. जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर होते. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. सिग्नलच्या खांबांवर लिव्हरपूलचा शिक्का आणि १८९५ साल होते, मात्र शेवटच्या काळात सिग्नल उभे असूनही कामाचे राहिले नव्हते. मधल्या स्टेशनांवर ना स्टेशनमास्तर, ना तिकीटबाबू. गाडीबरोबरची सात माणसेच सगळे करीत. गार्ड उतरून तिकिटे फाडी. रस्त्याचे फाटक आले की गाडी अलीकडे थांबे, एक जण उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून परत चढे. इंजिन सोडवणे, जोडणे, सांधा बदलणे हेही त्यांच्याच अंगावर. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे यवतमाळ ते मूर्तिजापूर सहा-सात तास. शेवटच्या वर्षांत एकेका फाट्यावर दिवसाला एक जाणे, एक येणे.

इतक्या सावकाश गाडीत कोण बसत होते, असा प्रश्न शहरात बसून विचारता येतो. भाडे एसटीच्या भाड्याच्या अगदी लहान हिश्शाइतके होते. मजुरीला निघालेली बाई, लग्नाला निघालेले सात-आठ जणांचे कुटुंब, मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडून अकोल्याच्या दवाखान्यात जाणारा म्हातारा, बाजाराला भाजीचे गाठोडे नेणारा शेतकरी. सहा तास त्यांना परवडत होते, एसटीचे तिकीट परवडत नव्हते. पावसाळ्यात ज्या खेड्यांचा रस्ता बंद होई, तिथे तर ही गाडीच रस्ता होती. तोट्याचे हिशेब मांडताना या माणसांचा वाचलेला पैसा कुठल्याच रकान्यात धरला गेला नाही, ही माझी पहिली तक्रार.

कापूस मात्र त्याआधीच गाडीवरून उतरला होता. ट्रक आले, डांबरी रस्ते आले. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांवरून सरकी-रुईची वाहतूक ट्रकवर गेली. मूर्तिजापूरच्या दुहेरी हमालीला आता पर्याय मिळाला होता. ज्या मालासाठी रूळ टाकले तो माल गेल्यावर कोणत्याही मालकाने दोनपैकी एक करायला हवे होते, मार्ग रुंद करणे किंवा सोडून देणे. इथे दोन्ही झाले नाही, आणि या सगळ्या कहाणीची गाठ इथेच आहे.

सुरुवातीच्या व्यवस्थेत मार्ग कंपनीचा आणि चालवणे जी.आय.पी.कडे असे होते. जी.आय.पी. चालवी आणि उत्पन्नातला ठरलेला हिस्सा कंपनीला देई. इंग्रजी अमदानीत अनेक फाटे याच पद्धतीने बांधले गेले आणि सुरुवातीला ती चोख चालली. १९२५ साली जी.आय.पी.चा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिची मध्य रेल्वे झाली. चालक बदलत गेला, मालक तोच राहिला. सरकारने हा मार्ग विकत घेतला नाही. मध्य रेल्वे गाडी चालवी, करार पुढे पुढे वाढत जाई, आणि स्वतंत्र देशातली सरकारी रेल्वे एका खासगी कंपनीला तिच्या रुळांचे स्वामित्वधन देत राही. वर्तमानपत्रांनी या रकमेचे कोटीच्या वरचे आकडे छापले, थकबाकीच्या बातम्याही छापल्या, आणि वाचकांना मौज वाटली. मला त्यात मौज वाटत नाही. मालकाला हिस्सा हवा होता, खर्चाचे बंधन नव्हते. चालकाने पैसे घातले तर ते दुसऱ्याच्या मालमत्तेवर पडत होते. स्लीपर कुजले, खडी मातीत मुरली, पूल जुने झाले, वेगमर्यादा खाली खाली आली. वेग उतरला म्हणून प्रवासी घटले आणि प्रवासी घटले म्हणून खर्च नको, असे म्हणायला दोघेही मोकळे झाले.

दुसरे काय होऊ शकत होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. बार्शी लाइट रेल्वे याच मापाची, तीही खासगी कंपनीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती उभी केली आणि १८९७ साली कुर्डूवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती लातूरला आणि मिरजेला भिडली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. हे एकच पाऊल आपल्याकडे पडले नाही. मालकी एकाच्या हाती आल्यामुळे पुढे टप्प्याटप्प्याने मार्ग रुंद करता आला. याच मार्गावरच्या पंढरपूरची वारी आज मोठ्या मापाच्या गाडीने होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांच्या घशाला कोरड पडली, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला धावली ती याच, एके काळच्या अरुंद वाटेवरून. योगायोग असा की त्याच एप्रिल २०१६ मध्ये शकुंतला बंद करण्यात आली होती. २०१४ सालीही ती एकदा थांबवली गेली होती. दोन्ही वेळा लोकांनी आवाज केला, तेव्हाचे अमरावतीचे खासदार आनंदराव अडसूळ यांनी पाठपुरावा केला आणि ती पुन्हा धावली. पण मूळ दुखणे तसेच राहिले आणि पुढे दोन्ही फाटे शांत झाले. मधल्या काळात रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी मार्ग रुंद करण्यासाठी सुमारे दीड हजार कोटींच्या योजनेला मान्यता दिल्याची घोषणा झाली, अचलपुरात पेढे वाटले गेले. रूळ मात्र जागचे हलले नाहीत. लोकांनी शकुंतला वाचवण्यासाठी सत्याग्रह केले, स्टेशनांची झाडलोट केली, निवेदने दिली. त्यांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार.

आता यवतमाळला दुसरी रेल्वे येत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठ्या मापाचा मार्ग मंजूर होऊन दीड दशकावर काळ लोटला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते यवतमाळात वर्धा ते कळंब या टप्प्याचे लोकार्पण झाले. हा मार्ग पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा नांदेडला जाणार आहे. महायुद्धात रूळ गमावलेल्या पुसदला रेल्वे परत मिळेल, ही फार मोठी गोष्ट. याचे स्वागत करताना काही जण म्हणतात की मग शकुंतलेची गरजच काय. मला हे पटत नाही. नवा मार्ग वर्ध्याला आणि नांदेडला जातो. कारंज्याच्या माणसाला अकोल्याला, अंजनगावच्या माणसाला मुंबईच्या गाडीला जायचे असते. त्यांना तो उपयोगी नाही. उलट नव्या मार्गामुळे जुन्याचे काम सोपे होणार आहे. यवतमाळ ते दारव्हा मोठे माप येणारच आहे. म्हणजे दक्षिणेत रुंद करायचा राहतो तो दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर एवढाच तुकडा. तो झाला तर नांदेडकडून येणारी गाडी सरळ मूर्तिजापूरला मुंबई-हावडा मार्गाला मिळेल. उत्तरेचा अचलपूर फाटा संत्रा आणि केळीच्या बागायतीतून जातो, नाशवंत माल दूरच्या बाजारात न्यायला त्याला रेल्वेसारखे साधन नाही. माझे मत विचाराल तर आधी अचलपूर-मूर्तिजापूर करावे, मग दारव्ह्याचा तुकडा जोडावा.

हे सगळे शक्य आहे ते जमीन शाबूत असेपर्यंतच. शंभर वर्षांपूर्वी संपादित झालेली ही सलग पट्टी पुन्हा मिळणार नाही. तिच्यावर टपऱ्या येत आहेत, नांगर फिरत आहे, काही ठिकाणी रुळांच्या मधून झाडे वाढली आहेत. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत या पट्टीच्या मोजणीचा आणि हद्दीच्या खुणांचा ठराव आणा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि रेल्वेकडे पाठवा, आणि येत्या निवडणुकीत जो उमेदवार मत मागायला येईल त्याला मालकीचा प्रश्न कधी मिटवणार, हे तारखेसह विचारा.