ठेव आणि कारभारी

‘कारभारी’ हा शब्द आपल्याला पेशवाईच्या इतिहासातून आणि गावाकडच्या बोलीतून परिचित आहे. मराठी बायबलमध्येही तो येतो, पण तेथे त्याला निराळे वजन आहे. ख्रिस्ती विचारानुसार मनुष्याजवळ जे आहे (पैसा, विद्या, गळ्यातला सूर, हातातले कसब, आयुष्याचा वेळ) त्याचा तो धनी नव्हे, कारभारी आहे. धनी दुसराच आहे आणि तो एक दिवस हिशेब मागणार आहे. ठेव ज्यांच्यासाठी दिली, त्यांच्यापर्यंत ती पोचली की नाही, एवढाच त्या हिशेबातला प्रश्न.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. परगावी निघालेला धनी तीन चाकरांना आपले द्रव्य सोपवतो; एकाला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक तालांत. तालांत म्हणजे सुटे नाणे नव्हे. ते तीस-पस्तीस किलोंचे वजन असे आणि चांदीच्या एका तालांताची किंमत मजुराच्या जवळजवळ वीस वर्षांच्या मजुरीइतकी भरे. तेव्हा ज्याला ‘एकच’ मिळाला तोही दरिद्री नव्हता! पहिल्या दोघांनी व्यापार करून रक्कम दुप्पट केली. तिसऱ्याने भीतीपोटी खड्डा खणून ती पुरली आणि जशीच्या तशी परत केली. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. तरीही दोष त्याच्यावरच आला. इंग्रजीतला ‘टॅलंट’ हा शब्द याच दाखल्यावरून ‘अंगची बुद्धी, गुण’ या अर्थाने रूढ झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी पाहावयाची तर पंडिता रमाबाईंचे चरित्र उघडावे. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकनिंदा सोसून, संस्कृत शिकू दिले. दुष्काळात आईवडील गेले. भावासह पायी हिंडत ती कलकत्त्यास पोचली आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढ्यावर थांबून सभा गाजवीत आयुष्य काढणे सहज शक्य होते. पण रमाबाई थांबल्या नाहीत. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. त्यातून बोस्टनला एक मदतमंडळ उभे राहिले आणि त्याने दहा वर्षे खर्च चालवण्याचे मान्य केले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

येथे कारभाराचा खरा पेच सुरू होतो. सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर सुधारक मंडळींनी पाठिंबा दिला होता आणि आईबापांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार मात्र उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये मोठे वादळ झाले; न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी की, ज्या श्रद्धेने मला येथवर आणले ती मी कोंडून का ठेवू? मला वाटते, दोन्ही बाजूंना वजन आहे. देवाने दिलेली ठेव आणि लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव या एकाच हाती आल्या म्हणजे कारभाऱ्याचे काम फार अवघड होते. त्या वादातही सदनाने जे घडवले ते विसरता येत नाही. सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह त्याच वर्षी झाला आणि तीन वर्षांनी त्यांनी विधवांसाठी आपले कार्य उभे केले.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला ‘मुक्ती’ वसली. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सारे त्याच चालवीत. कन्या मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवीत. आणि वडिलांनी दिलेली ती भाषेची बुद्धी? तिचा शेवटचा विनियोगही येथेच झाला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. आश्रमातल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

हा विचार केवळ ख्रिस्ती मंडळींचा आहे, असे मात्र समजू नये. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेचे मूळ गीतेतल्या अपरिग्रहात आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासातल्या इंग्रजी कायद्यात होते. आणि आमच्या कुंभवली-बोईसरकडच्या विद्यार्थ्याला तर उदाहरणासाठी केडगावपर्यंतही जावे लागत नाही. उत्तरेला डहाणू तालुक्यात कोसबादची टेकडी आहे. पदवीधर ताराबाई मोडक आणि बालविधवा अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबादला गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात वर्ग भरवले. पाने, खडे, शिंपले हीच शिक्षणाची साधने. विकत आणायला पैसे नव्हते हे खरेच, पण ती मुलांच्या ओळखीची होती हे अधिक महत्त्वाचे. शहरी बालवाडीची पद्धत जशीच्या तशी आणली असती, तर तोही तालांत पुरून ठेवण्याचाच प्रकार झाला असता. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई त्यानंतरही एकोणीस वर्षे, १९९२ मधल्या मृत्यूपर्यंत, त्याच कामात होत्या.