टीबीवर डाळ-तांदळाचा उतारा

टीबीचं संशोधन म्हटलं की सगळ्यांची नजर नव्या गोळ्यांवर. मला मात्र झारखंडचा 'राशन्स' अभ्यास भावला (लॅन्सेट, ऑगस्ट २०२३). डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या टीमने सगळ्याच रुग्णांना शिधा दिला; एका गटात मात्र घरच्यांनाही माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दहा हजारांवर नातेवाइकांवर लक्ष ठेवलं. घरच्यांनाही शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी! लसीला शोभेल असा आकडा, आणि तो किराण्यातून. अर्धपोटी शरीरात दबून बसलेला जंतू उचल खातो, हे त्यामागचं कारण. सरकारनेही नोव्हेंबर २०२४पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारे महिना ५०० रुपये १,००० केलेत.