ओरेसुंडचा सेतू आणि बाल्टिकचे पाणी
डेन्मार्कचे कोपनहेगन आणि स्वीडनचे माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड सेतू 1 जुलै 2000 रोजी खुला झाला. त्याच्या नियोजनाचा इतिहास पाहिला, तर समुद्र ओलांडण्याचे तंत्र हा त्यातला तुलनेने सोपा भाग होता, असेच म्हणावे लागते. 1973 साली दोन्ही सरकारांनी केलेला करार पुढे बारगळला आणि नवा करार होण्यास 1991 साल उजाडले.

कोपनहेगनचा कास्ट्रुप विमानतळ सामुद्रधुनीच्या काठावरच असल्याने तेथे 200 मीटरहून उंच मनोरे उभारणे विमानांना धोक्याचे होते, आणि जहाजांचा एक प्रमुख मार्गही त्याच बाजूने जातो; म्हणून डेन्मार्ककडील सुमारे 4 किलोमीटरचा टप्पा बुडीत बोगद्याचा, म्हणजे काँक्रीटचे अजस्र भाग तरंगत नेऊन समुद्रतळावरील चरात बसवण्याचा, ठरला. त्यापुढे पेबरहोम हे कृत्रिम बेट लागते, आणि तेथून स्वीडनपर्यंत सुमारे 7.8 किलोमीटरचा पूल आहे, ज्याचा 490 मीटरचा मुख्य गाळा वांद्रे–वरळी सागरी सेतूप्रमाणे मनोऱ्यांपासून ताणलेल्या केबलींनी तोलला आहे.

खरी कसोटी पाण्याने घेतली. बाल्टिक समुद्रात नद्यांचे गोडे पाणी मुबलक येते, परंतु त्याच्या खोल थरांना लागणारे खारे, प्राणवायूयुक्त पाणी डेन्मार्कभोवतीच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच आत शिरते, आणि कॉड माशाची अंडी त्या खारेपणावाचून तगत नाहीत. खांब व बेट यांमुळे हा प्रवाह अडेल, हा आक्षेप इतका गंभीर होता की, प्रकल्पाला मंजुरी मिळताच 1994 मध्ये स्वीडनचे पर्यावरणमंत्री ओलोफ योहान्सन यांनी राजीनामा दिला. अखेर ‘शून्य परिणामा’ची अट बंधनकारक झाली: बांधकामाने जेवढा प्रवाह अडेल, तेवढा अन्यत्र समुद्रतळ खोदून मोकळा करावयाचा. निघालेला दगड-गाळ बेटाच्या भरावात गेला. विरोधकांना पूल रोखता आला नाही. त्याच्या आराखड्यावर मात्र त्यांचा ठसा अभियंत्यांइतकाच उमटला, हे बहुधा विसरले जाते.

पैशाचा प्रश्न त्या मानाने सरळ सुटला: दोन्ही देशांची निम्मी-निम्मी मालकी असलेल्या कंपनीने सरकारी हमीवर कर्ज काढले, जे पथकर व रेल्वेच्या शुल्कातून फेडावयाचे होते. रेल्वेने मात्र निराळाच पेच घातला, कारण डेन्मार्कमधील विद्युत रेल्वेमार्गाचा दाब 25,000 व्होल्ट, तर स्वीडनमध्ये 15,000, शिवाय दोन्हीकडील वारंवारताही भिन्न; त्यामुळे दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या खास गाड्याच येथे धावतात आणि स्वीडनच्या किनाऱ्याजवळ चालत्या गाडीतच वीजप्रणाली बदलते.